चक्कर येते? मग लपवू नका – हंगाम सुरू होण्याआधी वाचायचा एक पाठ



बोटी अजून काठावर आहेत. १ जूनला लागलेली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपेल आणि १ ऑगस्टपासून जेटीवर पुन्हा धावपळ सुरू होईल. जाळ्यांची दुरुस्ती झाली, इंजिनं उघडून बसवून झाली, कुणाचं रंगकाम अजून चाललंय. बोटीची तपासणी आपण दरवर्षी करतो, बोटीवर जाणाऱ्या माणसाची मात्र राहून जाते. म्हणून आजचा पाठ माणसाबद्दल आहे. विषय साधा वाटेल, पण तसा नाही. विषय आहे चक्कर.

का लिहितोय, ते आधी सांगतो. गेल्या हंगामात आपल्याच सोसायटीतल्या एका बोटीवरचा खलाशी, वय ५२, पहाटे मासळी निवडायला बसला होता. जाळं ओढायची हाक आली म्हणून झटकन उठला, दोन पावलं गेला आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊन खाली पडला. डोकं विंचवर आपटलं. सात टाके पडले. बोटीच्या काठापासून तो दोन हातांवर होता. काठाच्या बाजूला पडला असता, तर त्या काळोखात तो आपल्याला मिळाला असता की नाही, देव जाणे.

दवाखान्यात मी त्याच्याबरोबर होतो. मी विचारलं, "दादा, असं आधी कधी झालं होतं?" तो म्हणाला, "महिनाभर होतंय, सेक्रेटरी बाब. पण सांगितलं असतं तर पुढच्या ट्रिपला घेतलं नसतं. घरी काय सांगू?"

आणि खरं सांगायचं तर त्याआधी आठवडाभर, आपल्या ऑफिसात तो खुर्चीवरून उठताना टेबलाचा काठ धरून क्षणभर थांबलेला मी पाहिला होता. विचारलं नाही. रात्री जागला असेल, असं वाटलं. ते माझंही चुकलंच.

किती लोकांना चक्कर येते?

पहिली गोष्ट ही, की चक्कर येणं काही लाजेची गोष्ट नाही. ते अगदी सर्रास आहे. युरोप-अमेरिकेत यावर मोठ्या पाहण्या झाल्या आहेत. त्यातून दिसतं की वर्षभरात दर १०० प्रौढ माणसांमागे साधारण १५ ते २० जणांना कधी ना कधी चक्कर किंवा गरगर होते. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे आणि वय वाढेल तसं ते वाढत जातं.

आता हा हिशेब आपल्या बोटीवर मांडा. एका पर्ससीन बोटीवर ३० माणसं धरली, तर वर्षात चार ते सहा जणांना हा त्रास होऊ शकतो. आपले खलाशी बरेचसे तरुण असतात, म्हणून थोडे कमी धरा. तरी एकही नाही, असं होणार नाही. तुमच्या बोटीवर 'कुणालाच काही होत नाही' असं तुम्हाला वाटत असेल, तर बहुतेक कुणी सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतली आणखी एक पाहणी आपल्या कामाची आहे. २००१ ते २००४ या काळात ४० वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त लोकांची तोल सांभाळण्याची परीक्षा घेतली गेली. त्यातला एक भाग असा, की मऊ फोमच्या गादीवर डोळे मिटून उभं राहायचं. सुमारे ३५ टक्के लोक या परीक्षेत नापास झाले. मधुमेह असलेल्यांमध्ये नापास होणारे आणखी जास्त होते.

फोमची गादी आणि मिटलेले डोळे म्हणजे काय? रात्रीच्या काळोखात हलणारा आपला डेकच की! तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून बातमी लागते: डोळे, आतला कान आणि पायाचे तळवे. रात्री समुद्रात डोळ्यांची बातमी बंद होते, हलत्या डेकवर तळव्यांची बातमी गोंधळते. सगळा भार आतल्या कानावर येतो. म्हणून जमिनीवर ज्याला फारसं जाणवत नाही, तोच माणूस बोटीवर पडतो.

चक्कर कशामुळे येते?

'चक्कर' हा शब्द आपण चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरतो. त्या वेगळ्या केल्या की कारण लवकर सापडतं.

१) सगळं गरगर फिरणं – बहुतेक वेळा आतला कान

ढोमा किंवा घोळ कापताना डोक्यात दोन पांढरे खडे मिळतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते माशाच्या कानातले खडे. माशाला त्यांच्यामुळे वर-खाली कळतं. शास्त्रज्ञ त्यांच्यावरच्या वलयांवरून माशाचं वय मोजतात. तसेच, पण डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक खडे माणसाच्या आतल्या कानात असतात. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच, म्हणजे शिंपल्याचं कवच ज्याचं बनतं त्याचेच.

वयानं किंवा डोक्याला मार लागल्यानं हे खडे कधी जागेवरून सुटतात आणि कानातल्या पाण्याच्या नळ्यांत जातात. मग कूस बदलली, वर पाहिलं किंवा खाली वाकलं की जग गरगर फिरतं. बहुधा एक मिनिटाच्या आत थांबतं, पण तेवढ्यात माणूस घाबरून जातो, उलटीही होते. गरगरण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि सुदैवानं त्यावरचा उपायही सोपा आहे. डॉक्टर रुग्णाला झोपवून डोकं ठरावीक क्रमानं फिरवतात आणि खडे पुन्हा जागेवर जातात. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. याला नुसती गोळी चालत नाही. आपल्याकडे अशा माणसाला 'मानेचा मणका आहे' म्हणून पट्टा बांधतात आणि तो महिनोन्‌महिने फिरत राहतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला एकदा दाखवा.

गरगर तासन्‌तास राहत असेल, कानात आवाज येत असेल, कमी ऐकू येत असेल, तर कानाचे दुसरे आजार असू शकतात. अर्धशिशीमुळेही गरगरतं.

२) उठल्यावर अंधारी येणं – रक्तदाब, पाणी, रक्त

आपण उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायाकडे उतरतं. शरीर ते लगेच सावरून घेतं. सावरायला उशीर झाला की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि अंधारी येते. कारणं अशी:

– पाणी कमी पिणं. उन्हात डेकवर आणि इंजिनाच्या गरमीत घामातून किती पाणी जातं, ते कळतही नाही. त्यात जुलाब लागले तर विचारायलाच नको. २०२४ मध्ये कुटबणच्या जेटीवर कॉलऱ्याची साथ आली होती, ती आपण विसरलेलो नाही. बोटीवरचं पिण्याचं पाणी शुद्धच हवं.

– गोळ्या. रक्तदाबाच्या, लघवीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या. आमच्या त्या खलाशाचं कारण हेच निघालं. रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यात दुसऱ्या डॉक्टरनं लघवीच्या त्रासासाठी नवी गोळी दिली. दोघांना एकमेकांच्या गोळीची माहिती नव्हती, कारण यानंच सांगितलं नव्हतं. झोपलेला असताना त्याचा वरचा दाब १३८ होता, उभा राहिल्यावर १०४.

– अंगात रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. बाजारात सकाळपासून पाटावर बसून मासळी विकणाऱ्या आपल्या घरच्या बायका दुपारी उठताना भिंत धरतात. 'उपास होता', 'ऊन लागलं' म्हणून ते सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन तपासा.

– हृदयाचे ठोके बिघडणं. छातीत धडधडून अंधारी आली किंवा बसल्या जागी शुद्ध हरपली, तर ते साधं समजू नका.

३) घाम, थरथर आणि डोकं हलकं होणं – साखर

हे आपल्या गोव्यासाठी मुद्दाम लिहितो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशभरचा मधुमेहाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढ माणसांत एकाहून जास्त! देशाचं प्रमाण ११.४ टक्के आहे.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, आणि जाळं लागलं म्हणून जेवण राहिलं, तर साखर खाली जाते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते, चक्कर येते, माणूस भलतंसलतं बोलतो. बाकीच्यांना वाटतं, दारू प्यालाय. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा, मग पेज किंवा भात द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. आणि मधुमेह खूप वर्षांचा असेल तर तळव्यांची जाणीव कमी होते, त्यानंही तोल जातो.

४) बोट आणि दारू

नव्या खलाशाला बोट लागते. डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतो, म्हणून मळमळतं. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सवय करून घेतं. काठावर उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते, तीही थोड्या वेळानं थांबते. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती गोळी घेऊन सुकाणू धरू नका, विंचजवळ जाऊ नका. दारूनं कानाचा तोल बिघडतो आणि पाणीही कमी होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, समजून घ्या.

५) खराब मासळी

बर्फाविना राहिलेला बांगडा, तारली, कुपा खाल्ला आणि तासाभरात तोंड लाल झालं, डोकं दुखलं, चक्कर आली, तर ती दृष्ट नव्हे. अशा माशात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो शिजवून, तळूनही जात नाही. उपाय एकच, मासळी पाण्याबाहेर आल्यापासून बर्फात.

६) होल्ड आणि केबिन – इथे एक मिनिटही घालवू नका

मासळीच्या बंद होल्डमध्ये मासळी कुजली की विषारी वायू तयार होतो आणि श्वास घ्यायला हवा उरत नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजू नका. होल्डमध्ये उतरलेल्याला चक्कर आली, तर त्याला काढायला दुसऱ्यानं तसंच खाली उडी मारू नये. एकापाठोपाठ एक माणसं अशीच जातात. झाकणं सगळी उघडा, पंख्यानं हवा सोडा, वरून दोर लावून ओढा. आधी हवा खेळू द्यायची, मगच उतरायचं, आणि वर एक माणूस उभा ठेवायचा.

तसंच केबिन बंद करून आत स्टोव्ह किंवा जनरेटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वासच नसतो. दोन-तीन जणांना एकाच वेळी डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली, तर आजार शोधत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर काढा.

बोटीवर चक्कर आली तर

– तिथेच बसा. दोन पावलांवर जागा आहे म्हणून चालत जाऊ नका. बसलेला माणूस समुद्रात पडत नाही.
– बाजूच्याला मोठ्यानं सांगा.
– अंधारी आली असेल तर आडवं करा, पाय वर धरा, कपडे सैल करा. कांदा हुंगवत बसू नका.
– शुद्धीवर असेल तर पाणी द्या. जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
– त्या दिवशी त्याला विंच, काठ, इंजिन आणि सुकाणू यांपासून लांब ठेवा. लाईफ जॅकेट घातलेलं असू द्या.

केव्हा बोट लगेच वळवायची?

अचानक चक्कर आली आणि त्याबरोबर यातलं एक जरी असेल तर: तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाची दोन माणसं दिसणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, कधी नव्हे एवढी डोकेदुखी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, काळं शौच होणं. हा पक्षाघात, हृदयाचा झटका किंवा आतला रक्तस्राव असू शकतो. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. समुद्रात असलेल्या माणसासाठी हे साडेचार तास फार थोडे आहेत. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लिहून ठेवा. व्हीएचएफवर १६ नंबर चॅनलवरून कळवा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आणि जेटीवर १०८ उभी ठेवायला सांगा.

डॉक्टरकडे जाताना काय सांगायचं?

'चक्कर येते' एवढंच सांगितलं की डॉक्टर चक्करची गोळी लिहून देतो आणि आपण वर्षभर तीच दुकानातून आणत राहतो. सिनारिझिन, प्रोक्लोरपेरॅझिन यांसारख्या गोळ्या चार-आठ दिवसांसाठी ठीक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर तोल सावरायची मेंदूची शक्तीच मंदावते आणि कधी हातापायांना कंपही सुटतो. म्हणून डॉक्टरला चार गोष्टी सांगा:

एक, फिरतं की अंधारी येते की नुसता तोल जातो?
दोन, किती वेळ टिकतं? सेकंद, मिनिटं, तास की दिवस?
तीन, काय केल्यावर येतं? उठल्यावर, कूस बदलल्यावर, उपाशीपोटी, की काहीच न करता?
चार, कुठल्या गोळ्या चालू आहेत? सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

आणि रक्तदाब दोनदा मोजायला सांगा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर उठताना येणाऱ्या अंधारीचं कारण तिथेच सापडलं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला बदलायला सांगा.

बोट मालकांना विनंती

खलाशी लपवतो, कारण सांगितल्यावर वाटा जातो. हे आपण मान्य करायला हवं. बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं तर आणखीच घाबरतात, त्यांना भाषाही येत नाही. तेव्हा ट्रिपच्या आदल्या दिवशी तांडेलानं प्रत्येकाला एकदा विचारावं, त्याच्या भाषेत विचारावं. कुणी सांगितलं तर त्याला घरी पाठवण्याआधी काठावरचं काम द्या. जाळी आहेत, बर्फ आहे, हिशेब आहे. आठ दिवसांत कारण सापडलं तर तोच माणूस पुन्हा बोटीवर येईल. बुडालेला माणूस येणार नाही. शिवाय सुकाणू धरता येणारी दोन माणसं बोटीवर असू द्यात, कारण चक्कर तांडेलालाही येते.

आमचा तो खलाशी आज कसा आहे, असं काही जण विचारतात. दोन्ही डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र दाखवल्यावर एक बदलली, दुसरीची वेळ बदलली. तीन आठवडे तो काठावर जाळी शिवत होता, मालकानं तेवढे दिवस अर्धा वाटा दिला. मग तो समुद्रात गेला आणि हंगाम पुरा केला. खर्च म्हणाल तर एका ट्रिपच्या बर्फाएवढाही आला नाही. महिनाभर आधी बोलला असता तर टाकेही पडले नसते.

बंदी संपायच्या आत सोसायटीच्या ऑफिसात रक्तदाबाचं यंत्र ठेवतोय. सकाळी १० ते १ या वेळात कुणीही या, आडवं पडायला बाकडं आहे. बायकांनीही यावं. साखर आणि हिमोग्लोबिन आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात करून घ्या. तुम्हाला त्रास नसेल तरी बाजूच्या माणसाकडे बघा. कुणी उठताना टेबलाचा काठ धरत असेल, तर मी केलं तसं करू नका. विचारा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा, आणि आपापल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा.

हंगाम सगळ्यांना चांगला जावो.

आपला,
सचिव